सुरगाठ, निरगाठ आणि मणी : वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या पानाकडे आलेली बरीचशी पत्रे मणी, खडे आणि गाठींच्या विणीतून घरी केलेल्या दागिन्यांविषयीची आहेत. त्यांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी मॅक्रमे, म्हणजे नुसत्या गाठींनी विणण्याच्या, पद्धतीने ८ मिलिमीटरच्या अकीक मण्यांची ब्रेसलेट करते आणि ओळखीत विकते. गाठी पक्क्या असतात, दोऱ्याची टोकेही मी ज्योतीवर वितळवून चिकटवते. तरी दोन-तीन महिन्यांत ब्रेसलेट मधूनच तुटते. दोरा बदलून पाहिला, फरक पडला नाही. आता लोक तोंडावर बोलून दाखवू लागले आहेत. चूक कुठे होते आहे? (मिरज)

उत्तर : गाठी टिकतात, टोके टिकतात आणि तरीही ब्रेसलेट मधूनच तुटते, याचा अर्थ तुमच्या हाताला दोष नाही, दोष मण्याच्या भोकात आहे. तुटलेले ब्रेसलेट परत आले की ते फेकून देऊ नका. दोऱ्याचे तुटके टोक भिंगाखाली धरा. टोक कात्रीने कापल्यासारखे दिसले, तर मण्याच्या कडेने तो दोरा कापलेला आहे. ते पिंजून कापसासारखे झालेले दिसले, तर दोरा भोकात मागेपुढे सरकून झिजलेला आहे.

अकीक हा कठीण दगड आहे. दगडांची कठीणता एक ते दहामध्ये मोजणाऱ्या मोह्सच्या मापात ती साडेसहा ते सात भरते, म्हणजे साध्या चाकूच्या पात्याने त्याच्यावर ओरखडा उठत नाही. असा दगड एका बाजूने आरपार भोसकला तर दुसऱ्या बाजूला त्याचा टवका उडतो, म्हणून भोक बहुधा दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे पाडतात. ही दोन भोके मध्यावर नेमकी जुळली नाहीत की आत एक बारीक पायरी राहते, आणि बाहेरची कडही घासलेली नसली की ती फुटक्या काचेसारखी धारदार असते. अशा मण्यातून ओवलेला दोरा मनगटाच्या प्रत्येक हालचालीबरोबर करवतीवर घासला जातो. मग दोरा मेणाचा असो की रेशमाचा.

यावर उपाय असा. नवा सर आणल्यावर प्रत्येक मण्यातून एक सुती दोरा ओवा, तो ताणून धरा आणि मणी वीस-पंचवीस वेळा मागेपुढे फिरवा. दोऱ्यावर लव उठली तर तो मणी बाजूला काढा. बाजूला काढलेल्या मण्यांच्या कडा हिऱ्याची भुकटी बसवलेल्या निमुळत्या कानशीने, मणी पाण्यात बुडवून, हलक्या हाताने गोल कराव्यात. पाणी का, असे तुम्ही विचाराल. त्याने कानस तापत नाही, आणि महत्त्वाचे म्हणजे अकीकाची कोरडी धूळ उडत नाही. ती धूळ सिलिकाची असते आणि फुप्फुसांना घातक असते, म्हणून स्वयंपाकघरात बसून हे काम कोरडे करू नये.

दुसरी गोष्ट, मणी दोन गाठींच्या मध्ये हलता कामा नये. एक मिलिमीटरच्या भोकातून अर्ध्या मिलिमीटरचे दोन पदर जेमतेम जातात, आणि तसेच ते जायला हवेत. सैल भोकात एकटा बारीक दोरा फार लवकर झिजतो. तुम्हाला कोणीतरी तंगूस वापरायचा सल्ला देईल. तो ऐकू नका. तंगूस ताणला जातो, उन्हाने ठिसूळ होतो आणि त्याची गाठ आपोआप सुटते. एका हळदीच्या कार्यक्रमात माझ्या स्वतःच्या गळ्यातला तंगुसाचा सर असाच सुटला आणि काचमणी पाटाखाली, ताटाखाली, हळदीच्या वाटीत, सगळीकडे गेले. एक वडीलधाऱ्या बाई चटकन म्हणाल्या, ‘‘तुटला म्हणू नये, वाढला म्हणावं.’’ शब्द त्यांनी सांभाळला, मणी मात्र मला शोधावे लागले.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. नदीकाठी आणि डोंगरांत फिरताना जमवलेले गोटे, तसेच काही पांढरे-गुलाबी स्फटिक माझ्याकडे आहेत. भोक न पाडता, फक्त दोऱ्याच्या जाळीत बसवून त्यांची लटकने करता येतील का? (सातारा)

उत्तर : करता येतील, पण सगळ्यांची नाही. आपला डोंगर काळ्या कातळाचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा. त्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांतून पाझरलेल्या पाण्यातली खनिजे आत साचत गेली. तुमची गारगोटी, पट्टेदार अकीक आणि ते गुलाबी स्फटिक, सगळे तिथलेच. गारगोटी आणि अकीक दागिन्याला उत्तम. गुलाबी, मोत्यासारखी चकाकी असलेले पापुद्र्यांचे स्फटिक बहुधा स्टिल्बाइटचे असतात. त्यांची कठीणता साडेतीन-चारच्या आसपास असते, आणि धक्का लागला की ते पापुद्र्यांवर फुटतात. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी चाकूचे टोक ओढून पाहा. ओरखडा उठला तर तो दगड कपाटात शोभेल, गळ्यात टिकणार नाही. आणखी एक सांगणे : कासच्या पठारावरून काहीही उचलून आणू नका. ते ठिकाण २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि तिथला खडाही त्या वारशातलाच आहे.

आता जाळी. ती नवीन शिकावी लागणार नाही, कारण ती तुमच्या आजीच्या घरात टांगलेली असेल. दह्याच्या मडक्याचे शिंके म्हणजे तीच जाळी. बेंदराला बैलाच्या गळ्यात जो मण्यांचा आणि गोंड्यांचा कंडा बांधतात, त्यातही याच गाठी असतात. एक मिलिमीटर जाडीचे, प्रत्येकी मीटरभर लांबीचे चार मेणाचे दोरे घ्या आणि मध्यावर एकत्र बांधा, म्हणजे आठ पदर होतील. शेजारच्या दोन-दोन पदरांची एक गाठ, अशा चार गाठी तळापासून सारख्या अंतरावर मारा. पुढच्या ओळीत प्रत्येक गाठीतला एक पदर सोडून शेजारच्या गाठीतला एक पदर घ्या. दगड आत ठेवा आणि विणत वर या. खरी मेख इथे आहे : दगडाचा सर्वांत फुगीर भाग ओलांडला की गाठींमधले अंतर निम्म्यावर आणायचे, म्हणजे जाळीचे तोंड दगडापेक्षा लहान होते आणि दगड आतच अडकून बसतो. नवशिके शेवटपर्यंत एकच अंतर ठेवतात, मग शिंके तुटायची वाटही पाहावी लागत नाही, दगड वरूनच निसटतो. या गाठी निरगाठी असाव्यात. सुरगाठ फक्त मानेमागे, लांबी कमी-जास्त करण्यापुरती. पंचवीस ग्रॅमच्या वरचा गोटा गळ्यात घालू नये, असे माझे मत आहे. मान दुखते आणि मग दागिना डब्यात पडून राहतो.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी पुन्हा टॅटिंग, म्हणजे शटल या छोट्या धोट्याने गाठी मारत लेस विणण्याचे काम, हाती घेतले आहे. मणी घालून केलेली लेसची कर्णफुले पावसाळ्यात मऊ पडून लोंबतात. खळ दिली तर कसर लागते. (वाई)

उत्तर : वाईचा पाऊस पाहता कसर लागणारच, खळ म्हणजे पिठूळ पदार्थ आणि तो कसरीचा आवडता खाऊ. खळीऐवजी पाण्यात विरघळणारा पांढरा डिंक निम्म्याहून अधिक पाणी घालून पातळ करा, लेस त्यात बुडवून टिपकागदावर दाबा आणि थर्माकोलवर गंज न चढणाऱ्या टाचण्यांनी प्रत्येक पाकळी ताणून बसवा. डिंक मण्यांवर सुकला तर चकाकी जाते, तेव्हा ओला असतानाच मणी कापसाच्या काडीने पुसून घ्यावेत. शिवाय दोरा बदलून पाहा. टॅटिंगच्या दोऱ्याचा क्रमांक जितका मोठा तितका दोरा बारीक; आपण ८० क्रमांकाचा वापरत असाल तर कर्णफुलांसाठी ४० किंवा २० घ्यावा, त्याची लेस मुळातच उभी राहते. शटलवर दोरा गुंडाळण्याआधी मणी मोजून ओवावे लागतात हे आपल्याला माहीत असेलच, पण दोन-चार मणी जास्तच ओवत जा. कमी पडलेला मणी मध्येच घालता येत नाही, आणि टॅटिंगची गाठ एकदा आवळली की उसवताना डोळ्यांत पाणी येते.

प्रश्न : जत्रेत स्वस्त मिळालेले फिरोजाचे मणी खरे आहेत हे कसे ओळखावे? (तासगाव)

उत्तर : नखरंग काढण्याच्या द्रवात कापूस बुडवून एका मण्यावर घासा. कापूस निळा झाला तर तो रंगवलेला दगड आहे, आणि तो बहुधा हाउलाइट असतो, कारण त्याच्यावरही फिरोजासारख्याच काळसर रेघा असतात. मात्र कापूस पांढराच राहिला म्हणजे फिरोजा खराच, असे नाही. हाउलाइटचे दागिने जरूर करा. फक्त विकताना त्याला फिरोजा म्हणू नका.

प्रश्न : आमच्या बचत गटाने प्रदर्शनात गाळा घेतला आहे. किंमत कशी ठरवावी यावर एकमत होत नाही. (विटा)

उत्तर : एकमत होत नाही, कारण तुमच्यापैकी कोणीच बहुधा वेळ मोजलेला नाही. एकाच नमुन्याचे पाच नग करा आणि पाचव्याला लागलेला वेळ घड्याळ लावून लिहून ठेवा. पहिल्याचा वेळ धरला तर तुमच्या शिकण्याचा खर्च गिऱ्हाइकावर पडतो. उदाहरणादाखल, सामान ७० रुपयांचे, दीड तासाचे काम तासाला १०० रुपयांप्रमाणे १५० रुपयांचे, फुटके मणी, पिशवी आणि गाळ्याचे भाडे मिळून ३० रुपये. तेव्हा २५० रुपयांच्या खाली तो नग देऊ नये. ‘‘यात सोनं नाही, नुसता दोराच तर आहे,’’ असे गिऱ्हाईक म्हणेलच. त्याच्यासमोर बसून पाच गाठी मारून दाखवा. पेठेतले पटवेकरी पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून तुशी गाठवताना मी तासन्‌तास पाहिले आहेत, आणि त्यांच्यापुढे उभा असलेला माणूस घासाघीस करताना मला क्वचितच दिसला.

प्रश्न : सासूबाईंची मोत्यांची माळ सैल झाली आहे. घरी ओवता येईल का? (कऱ्हाड)

उत्तर : येईल, घाई करू नका. आधी माळेचे छायाचित्र काढा, मग मोती त्याच क्रमाने खाचा असलेल्या पट्टीत किंवा घडी घातलेल्या पंच्यात मांडा. मोठे मोती मध्ये आणि लहान कडेला असतात, तो क्रम चुकला तर माळ वाकडी दिसते. माळेच्या पाचपट रेशमी दोरा घेऊन तो दुहेरी करा. प्रत्येक मोत्यानंतर सैल गाठ घ्या, तिच्यात सुई खुपसा, सुईच्या टोकाने गाठ मोत्याला अगदी भिडेपर्यंत सरकवा आणि सुई काढता काढता आवळा. अशी गाठ दोन मोत्यांना एकमेकांवर घासू देत नाही, आणि दोरा तुटला तरी एखादाच मोती ओघळतो. मोत्याला लिंबू, चिंच, अत्तर आणि घाम सोसत नाही, म्हणून माळ सगळा साज झाल्यावर शेवटी घालावी आणि उतरवल्यावर मऊ ओल्या कापडाने पुसावी. पुसलेली माळ खुंटीला टांगू नका. ओले रेशीम मोत्यांच्या वजनाने लांबते. पंच्यावर आडवी पसरून रात्रभर तशीच राहू द्या.