दयतिरनेककर्मा

प्रश्न असा आला आहे: ‘बातम्यांत एकाच प्रकरणाला कधी इच्छामरण म्हणतात, कधी दयामरण, कधी सुखमरण. यातला बरोबर शब्द कोणता? आणि “लिव्हिंग विल”ला मराठीत काय म्हणायचं?’

आधी उत्तर देऊन टाकतो. हे तीन शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. ज्याचं मरण त्यानंच, शुद्धीवर असताना, स्वतःच्या तोंडानं मागितलं असेल तर ते इच्छामरण. त्याच्यासाठी दुसऱ्या कुणी ठरवलं असेल तर दयामरण. सुखमरण हा ‘युथनेशिया’ या ग्रीक शब्दाचा शब्दशः तर्जुमा आहे, त्याच्याकडे नंतर येतो. ‘लिव्हिंग विल’, म्हणजे पुढे बोलता येईनासं झालं तर उपचारांचं काय करायचं हे आधीच लिहून ठेवलेला कागद, त्याच्याकडे शेवटी येतो. इच्छा म्हणजे काय आणि मरण म्हणजे काय हे सांगण्यात जागा घालवत नाही.

आता ज्याच्यामुळे माझं डोकं फिरतं ते. अरुणा शानभाग यांच्याबद्दलचा जुना-नवा कुठलाही मजकूर काढा, ‘अरुणाच्या इच्छामरणाची याचिका’ हे शब्द दिसणारच. कुणाची इच्छा? परळच्या केईएम रुग्णालयातली ही परिचारिका. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच एका सफाई कामगारानं कुत्र्याची साखळी गळ्याला आवळून तिच्यावर हल्ला केला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, आणि त्यानंतर 18 मे 2015 पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, ती त्याच रुग्णालयात पडून होती. या काळात तिनं मरण मागितलं नाही. जगणंही मागितलं नाही. मागण्याची शक्तीच तिच्यापासून हिरावली गेली होती. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्या वतीनं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि केईएमच्या परिचारिकांनी तिच्याच वतीनं त्याला विरोध केला. 7 मार्च 2011 च्या निकालात विराणींची मागणी फेटाळली गेली. निकालातला कळीचा प्रश्नच हा होता की जिला बोलता येत नाही तिच्या वतीनं बोलायचं कुणी. आणि आमचे मथळेवाले दोन अक्षरांत तो प्रश्न निकालात काढतात: ‘इच्छा’. जी बाई काहीच म्हणाली नाही तिच्या तोंडी होकार घालणारा हा शब्द आहे. याला मी भाषेची चूक म्हणत नाही, हा त्या बाईवर अन्याय आहे.

घरातही हाच शब्द ऐकला तेव्हापासून तर तो सहनच होत नाही. माझी आत्या शेवटचे अकरा दिवस अतिदक्षता विभागात होती. डावा हात तेवढा उशीवर असायचा आणि त्याची दोन बोटं अधूनमधून हलायची. ती आपल्याला ओळखून हलतात की आपोआप, हे आम्हाला कुणालाच कळत नव्हतं. डॉक्टरांनी आतेभावाला बाहेर बोलावून सांगितलं की आता श्वासाचं यंत्र लावून हाती काही लागणार नाही, तुमचं काय म्हणणं आहे ते लिहून द्या. तो कागद घेऊन बाकावर बसला. तेराव्याला आलेल्या एका पाहुण्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, ‘इच्छामरण दिलं म्हणे?’

‘इच्छामरण दिलं.’ या दोन शब्दांचा संसार कसा होणार? इच्छा तिची आणि देणारे आम्ही?

काही जण इथं भीष्मांना पुढे करतात. शंतनूनं इच्छामरण दिलंच होतं ना? नाही. शंतनूनं वर दिला. महाभारतात त्याला ‘स्वच्छंदमरण’ असा शब्द आहे, आणि वराचा आशय नीट वाचावा: तू परवानगी दिल्याशिवाय मृत्यूचं तुझ्यावर काही चालणार नाही. म्हणजे तो मृत्यूला थोपवून धरायचा अधिकार होता. भीष्मांनी तो तसाच वापरला. उत्तरायण लागेपर्यंत अठ्ठावन्न रात्री ते शरपंजरी पडून राहिले, वेदनेत, आणि त्या अवस्थेत त्यांनी धर्मराजाला राजधर्म सांगितला. ज्याला आज आपण इच्छामरण म्हणतो ते मागणारा माणूस नेमकी उलटी गोष्ट मागत असतो. ज्यांनी खरोखर स्वतःच्या निर्णयानं अन्नपाणी सोडलं, 1966 साली सावरकरांनी मुंबईत आणि 1982 साली विनोबांनी पवनारला, त्यांच्यासाठी आपल्याकडे ‘प्रायोपवेशन’ हा चोख शब्द आहे. प्राय म्हणजे निघून जाणं, उपवेशन म्हणजे बसणं. जाण्यासाठी बसणं. (‘प्रयोपवेशन’ लिहिणाऱ्यांनी तो पहिला काना जपावा, सगळा अर्थ त्यातच आहे.)

ग्रीक शब्दाबद्दल थोडक्यात. ‘यू’ म्हणजे चांगलं, ‘थानातोस’ म्हणजे मरण. त्यात दया नाही आणि इच्छाही नाही. रोमन चरित्रकार स्युटोनिअस सांगतो की कुणी झटकन, यातनेविना गेल्याचं कळलं की सम्राट ऑगस्टस स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी तसंच ‘युथनेशिया’ मिळो अशी प्रार्थना करायचा, आणि शब्द हाच वापरायचा. आपल्या घराघरांत आजी-आजोबा देवापुढे हेच म्हणत आले आहेत: ‘अनायासेन मरणं विना दैन्येन जीवनम्’. त्यामुळे मूळ ग्रीक अर्थाला मराठी हवं असेल तर अनायास मरण आहे, सुखमरण जुळवायची गरज नव्हती. पण आज त्या शब्दाचा अर्थ बदलला आहे, त्यात करणारा हात आला आहे. म्हणून मराठीत तो हात दाखवणारा शब्द लागतो. आणि तो ‘दया’मध्ये दिसतो.

ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते आता येतं. ‘दया’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कीव येते. कोशांतही तेच: करुणा, कृपा, अनुकंपा, कीव, एकापुढे एक स्वल्पविराम देऊन मांडलेले. जणू सगळे सारखेच. धातू बघायचे कष्ट घेतले असते तर हे झालं नसतं. धातू आहे ‘दय्’. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचे अर्थ दिले आहेत ते असे: ‘दय दानगतिरक्षणहिंसादानेषु’. देणं, जाणं, राखणं, हिंसा करणं आणि घेणं. पुन्हा एकदा वाचा. राखणं आणि मारणं, एकाच धातूत, शेजारी शेजारी.

कुणी म्हणेल, वैयाकरणांना अर्थांच्या याद्या वाढवायची सवयच होती. म्हणून त्यांच्याही मागे जाऊ. वेदांतल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या यास्काच्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथात, चौथ्या अध्यायात, एक वाक्य आहे: ‘दयतिरनेककर्मा’. दय् हा धातू अनेक कामं करतो. आणि यास्क नुसतं सांगून थांबत नाही, प्रत्येक कामाला वेदातला दाखला देतो. ‘नवेन पूर्वं दयमानाः स्याम’ इथं अर्थ राखण्याचा, नव्याच्या जोडीनं जुनं सांभाळण्याचा. ‘य एक इद् विदयते वसु’, हा ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातला इंद्र, दान देणाऱ्या माणसाला संपत्ती वाटून देणारा. यास्क म्हणतो इथं दान घ्या किंवा विभागणी घ्या. ‘दुर्वर्तुर्भीमो दयते वनानि’, हा अग्नी, रानं जाळणारा. ‘विदद्वसुर्दयमानो वि शत्रून्’, इथं सरळ हिंसा, शत्रूंची दाणादाण. पहिल्यांदा हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आज न्यायालयात दोन बाजूंचे वकील ज्यावरून भांडतात ते सगळं यास्कानं एका धातूच्या पोटात दाखवून ठेवलं आहे.

माझी उपपत्ती अशी. या सगळ्या अर्थांचं मूळ ‘वाटणं’ हेच आहे. वाटून दिलं की दान. वाटे करत फाडत गेलं की हिंसा. आणि दुसऱ्याच्या वाट्याला आलेल्या दुःखातला वाटा आपण उचलला की दया. दयाळू म्हणजे वाटेकरी. कीव करणारा उंचावर उभा असतो आणि खाली बघतो. वाटेकऱ्याला खाली उतरून पाटाशी बसावं लागतं. केईएमच्या परिचारिकांनी काय केलं? पिढ्या बदलल्या, अरुणाला पाहिलेल्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, आणि प्रत्येकीनं तिला कालवलेलं अन्न भरवलं, कुशीवर वळवलं, पुसलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर एकही शय्याव्रण नव्हता, हे खुद्द निकालात नोंदलेलं आहे. हा दय् धातूचा ‘रक्षण’ अर्थ. आणि ही यातना आता संपू द्या म्हणणाऱ्या विराणीही त्याच दुःखात वाटा मागत होत्या. दोन्ही बाजू दयेच्याच होत्या. इच्छेची बाजू मात्र तिथं रिकामी होती.

एका स्नेही प्राध्यापकांना हे पटत नाही. ते म्हणतात, हिंसेचा अर्थ वेगळ्या धातूतून येऊन इथं मिसळला आहे, तू उगाच त्याला तत्त्वज्ञान चिकटवतोस. मिसळला असेल तर कुठून, हे त्यांनी दाखवावं. सुरीनं भाकरीचे वाटे होतात आणि सुरीनंच गळा कापला जातो, त्यासाठी दोन सुऱ्या मानाव्या लागत नाहीत. यास्कासारखा माणूस चार दाखले समोर ठेवून एकच धातू सांगतो, तेव्हा ‘मिसळला असावा’ एवढ्यावर मी त्याला सोडणार नाही.

त्यांचा दुसरा आक्षेप मात्र जड आहे, आणि तो मी टाळत नाही. ते म्हणाले, दयेच्या नावानं काय काय झालं ते आठव. हिटलरनं 1 सप्टेंबर 1939 ही तारीख घातलेल्या एका चिठ्ठीनं डॉक्टरांना बऱ्या न होणाऱ्या रुग्णांना ‘ग्नाडेनटोड’ द्यायची मुभा दिली. मराठी केलं तर दयामरणच. त्यातून 1941 च्या ऑगस्टपर्यंत 70 हजारांहून अधिक मनोरुग्ण आणि अपंग माणसं विषारी वायूनं मारली गेली. मग ‘दया’ हा शब्द स्वच्छ कसा? स्वच्छ नाहीच. पण दोन गोष्टी. ‘ग्नाडे’ ही राजानं प्रजेवर, देवानं भक्तावर करायची कृपा आहे, वरून खाली सोडलेली. तिथं वाटेकरी कुणी नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दयामरण या शब्दात मारणारा लपत नाही. दया कुणी केली, हा प्रश्न विचारता येतो आणि त्याला जबाब द्यावा लागतो. ‘इच्छामरण’ म्हटलं की सगळी जबाबदारी अंथरुणावरच्या माणसाच्या माथी जाते आणि आपण हात धुवून मोकळे.

याचा अर्थ इच्छामरण हा शब्दच टाकून द्या असं मी म्हणत नाही. नेदरलँड्सचा 2002 सालचा कायदा रुग्णाची स्वतःची, विचारपूर्वक केलेली विनंती असल्याशिवाय डॉक्टरला संरक्षण देत नाही. तिथल्या बातमीत इच्छामरण अगदी बरोबर. शब्द चांगला आहे, चुकीच्या दारात उभा केला जातो एवढंच.

‘निष्क्रिय दयामरण’ या जोडशब्दाबद्दलही लिहायलाच हवं, कारण तो न्यायालयाच्या निकालांतून मराठीत आला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं 2018 मध्येच डॉक्टरांना सांगितलं की ही संज्ञा वापरू नका. निरुपयोगी ठरलेला उपचार थांबवणं म्हणजे मारणं नव्हे, ते आजाराला आपल्या वाटेनं जाऊ देणं आहे. इथं मी परिषदेच्या बाजूनं. मराठीत ‘उपचार थांबवले’ हे दोन शब्द असताना, आणि घरातल्या माणसांना तेच कळत असताना, त्याला मरणाच्या नावानं का हाक मारायची? आत्याच्या बाबतीत तेवढंच झालं होतं. यंत्र लावलं नाही. त्या पाहुण्याला मी हेच सांगायला हवं होतं.

राहिलं लिव्हिंग विल. 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं त्याला मान्यता दिली, आणि 2023 मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलं तरी चालतं. मराठी वर्तमानपत्रं त्याला ‘इच्छापत्र’ म्हणतात आणि घोटाळा करतात. इच्छापत्र म्हणजे मृत्युपत्र, घरदार कुणाला द्यायचं त्याचा कागद. तो माणूस गेल्यावर जिवंत होतो. हा दुसरा कागद माणूस जिवंत असेपर्यंतच बोलतो, आणि त्याला बोलता येईनासं झालं की त्याच्या जागी बोलतो. ‘जिवंत इच्छापत्र’ तर कानाला टोचतं. मग मेलेलं इच्छापत्र कोणतं? मी ‘उपचार-पूर्वनिर्देश’ लिहितो. बोलताना ‘उपचारपत्र’ म्हणावं. हा कागद लिहिलेला असेल तर, आणि तरच, नंतर जे होईल त्याला इच्छा हा शब्द लावायचा हक्क आपल्याला मिळतो.

आत्यानं असा कागद लिहिला नव्हता. त्या दिवशी आतेभावाच्या हातात जो छापील कागद होता तो मी त्याच्या खांद्यावरून वाचला. त्यात इच्छा हा शब्द कुठेही नव्हता. वर आत्याचं नाव, खाली ‘संमती देणाऱ्याचं नाव’ आणि त्यापुढे ‘रुग्णाशी नातं’. त्यानं स्वतःचं नाव लिहिलं, बराच वेळ पेन तसंच धरून ठेवलं, आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं: मुलगा.