12 हप्ते की 24? आधी केबल कुठे लावली आहे ते बघा

एका वाचकांच्या पत्राचा सारांश असा. घरी फोर-के टीव्ही, स्पीकरना आवाज पुरवणारा आणि ई-आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने रिसीव्हरकडे आणण्याची सोय) असलेला रिसीव्हर, पाच स्पीकर, छताला दोन आणि खोल आवाजाचा एक सबवूफर. तरी टीव्हीवरच्या ॲपमधून सिनेमा लावला की डॉल्बी ॲटमॉस (वरूनही येणारा, चहूबाजूंचा आवाज) येत नाही, आवाज पातळ लागतो. विक्रेत्याने नवा रिसीव्हर, सोन्याचा मुलामा दिलेल्या केबल आणि वाढीव वॉरंटी असं पॅकेज सुचवलंय. किंमत दीड महिन्याच्या पगाराएवढी. 12 महिन्यांचे 'बिनव्याजी' हप्ते घ्यावेत, की 15 टक्के व्याजाने 24 महिन्यांचे? जाता जाता दोन गोष्टी लिहिल्यात: टीव्हीपासून रिसीव्हरला ऑप्टिकल केबल जोडली आहे, आणि क्रेडिट कार्डावर अर्ध्या पगाराएवढी बाकी असून तिची फक्त किमान रक्कम भरली जाते.

विचारलंय त्याचं उत्तर आधी. पॅकेज 100 धरा. रोख घेतलं तर 8 ची सूट आहे, म्हणजे 92. 'बिनव्याजी' हप्त्यांत सूट जाते आणि 2 प्रक्रिया शुल्क लागतं, म्हणजे 102. वर्षभरात सरासरी निम्मीच रक्कम तुमच्याकडे उधार असते, म्हणून हे 10 जास्तीचे म्हणजे जवळपास 20 टक्के व्याज झालं. 24 हप्त्यांत व्याज आणि तेवढंच शुल्क धरून एकूण 118 च्या घरात जाल. दोन्ही नकोत, कारण तुमचा रिसीव्हर बिघडलेलाच नाही.

ऑप्टिकल केबलमधून डॉल्बी डिजिटल 5.1 (पाच स्पीकर आणि एका सबवूफरचा आवाज) जातो, ॲटमॉस जात नाही. रिसीव्हर कितीही भारी आणा, ही केबल तशीच राहिली तर तक्रारही तशीच राहील. विक्रेत्याने हे विचारायला हवं होतं. न विचारता पॅकेज पुढे केलं, याचा मला राग येतो.

सगळी उपकरणं बंद करा, ऑप्टिकल काढा. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर आर्क किंवा ई-आर्क लिहिलंय, तिथून केबल रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटला न्या, इनला नाही. आवाज टीव्हीकडून रिसीव्हरकडे यायचा असला तरी जागा आउटचीच, आणि त्यावरही आर्क लिहिलेलं असतं. इथे चूक हमखास होते. मग दोन्हीकडे सीईसी, म्हणजे एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय, सुरू करा (प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय), टीव्हीत ई-आर्क 'ऑटो' आणि डिजिटल ऑडिओ 'पास-थ्रू' (आवाज न बदलता पुढे पाठवणं) ठेवा. ते 'पीसीएम'वर (आवाज टीव्हीनेच उलगडून पाठवणं) राहिलं तर ॲपमधल्या सिनेमाचा आवाज बहुतेक वेळा दोनच चॅनेलचा होऊन येतो. ॲटमॉसची खूण असलेला सिनेमा लावून रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काय उमटतं ते वाचा. तरीही ॲटमॉस दिसलं नाही, तर ॲपच्या वर्गणीत ते आहे का, हे तपासा.

पातळ आवाजाचं कारण बहुधा मागच्या स्पीकरच्या तारांत सापडेल. लाल टोक लालला, काळं काळ्याला. पुढच्या दोन स्पीकरपैकी एकाची तार उलटी असली की बास एकमेकांना खातो. तांब्याचा एखादा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही ना, तेही पाहा. त्याने रिसीव्हर मध्येच बंद पडतो. सबवूफरची तार त्याच्या एलएफई (खोल आवाजाच्या) इनपुटला लावा, त्यावरचं क्रॉसओव्हरचं (किती हर्ट्झखालचा आवाज सबवूफरने घ्यायचा ते ठरवणारं) बटण पूर्ण वर फिरवा आणि रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर 80 हर्ट्झ ठेवा. शेवटी रिसीव्हरसोबत आलेला माइक तुम्ही बसता तिथे, कानाच्या उंचीवर, स्टँडवर ठेवून रिसीव्हरकडून स्पीकरच्या आवाजाची मोजणी करून घ्या. हातात धरू नका.

मुलामा गंज टाळतो, चित्र सुधारत नाही. फोर-के 60 ला (सेकंदाला 60 चित्रं) 18 गिगाबिटची प्रमाणित केबल पुरते, फोर-के 120 ला 48 ची. केबल कमी पडली तर चित्रात ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. रंग किंचित फिके होत नाहीत. रंग फिके वाटत असतील तर टीव्हीत त्या पोर्टचा वाढीव सिग्नल (जास्त रंगांसाठीची सेटिंग) सुरू करा आणि पिक्चर मोड 'सिनेमा' ठेवा. वाढीव वॉरंटी सोडून द्या.

आता तुम्ही न विचारलेलं, पण सगळ्यात महत्त्वाचं. कार्डाचं व्याज महिन्याला 3 टक्के, किमान भरणा बाकीच्या 5 टक्के. म्हणजे मुद्दल महिन्याला फक्त 2 टक्क्यांनी उतरतं. शिवाय बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत सहसा मिळत नाही. पॅकेजचा 12 महिन्यांचा हप्ता पगाराच्या आठव्या हिश्शाएवढा होता. तेवढीच रक्कम दरमहा कार्डावर भरा आणि तोवर कार्ड वापरू नका. पाचव्या महिन्यात बाकी शून्य होते.

पुढे गेमिंग कन्सोल घेतलात आणि रिसीव्हर फोर-के 120 पुढे पाठवत नसला, तरी नवा घ्यायची गरज नाही. कन्सोल थेट टीव्हीला लावा, आवाज ई-आर्कने रिसीव्हरकडे येईल.