नेच्याचं पान आणि मैत्रिणीचा हात

"ताई, मी 26 वर्षांची. वनस्पतिशास्त्र शिकले, पण दिवसभर ऑफिसात एक्सेल भरते. संध्याकाळी नेचे, शेवाळ, भुंगे काढत बसते. मला टॅटू आर्टिस्ट व्हायचंय, आणि फक्त निसर्गातलंच गोंदायचंय. मशीन ऑनलाइन मागवलंय, मैत्रीण हात द्यायला तयार आहे. आई म्हणते, 'एवढं शिकून सुया टोचत बसणार?' काय करू?"
– नेचेवेडी

नेचेवेडी,

आईचं नंतर बघू. आधी ते मशीन खोक्यात घाल आणि मैत्रिणीला सांग, हात आत्ता नको.

तू पाठवलेलं नेच्याचं चित्र मी भिंग लावून पाहिलं. पाच सेंटिमीटरच्या पानाला एका बाजूला 22 पर्णिका, प्रत्येकीची कड दातेरी, शिवाय बीजाणूंचे ठिपकेही दोन रांगांत. सुरेख आहे, पण कागदावर. कातडीवर हेच जसंच्या तसं उतरवलंस तर काही वर्षांत दाते एकमेकांत मिसळतील आणि नुसता काळपट डाग उरेल. कातडीचा वरचा थर सतत झडत असतो, म्हणून शाई त्याच्या खालच्या थरात, साधारण 1 ते 2 मिलिमीटर खोल सोडावी लागते. तिथे शरीरातल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळून बसतात. त्या मेल्या की नव्या पेशी तेच कण उचलतात. हळूहळू रेघ पसरते, जाड होते.

त्यामुळे काय सोडून द्यायचं, हे तुला आधी ठरवावं लागेल. 22 ऐवजी 11 पर्णिका, मधे मोकळी कातडी. दाते गेले तरी चालतील, पण टोकाची ती गुंडाळी गेली तर नेचा गेला. कुठल्या खुणेवर झाड ओळखू येतं, हे तू शिकलेली आहेस. तुझी पदवी वाया गेली असं कोण म्हणतं? आणि स्टेन्सिल, म्हणजे गोंदण्याआधी कातडीवर उमटवायचा चित्राचा छाप, लावताना हात टेबलावर पालथा ठेवून लावू नकोस. माणूस उभा राहिला, हात सैल सोडला, की मनगटाजवळचं सरळ पान पिळवटतं.

आता मशीन. सुई जरा खोल गेली की टीपकागदावर फुटावी तशी शाई रेघेबाहेर फुटते. वर राहिली तर रंग टिकत नाही. तो अंदाज हाताला येईपर्यंत सिलिकॉनच्या सरावी कातडीवर वह्याच्या वह्या भर. पण सिलिकॉनला रक्त येत नाही, ते सुजत नाही, दचकत नाही. म्हणून एखाद्या स्टुडिओत उमेदवारी करच. पहिले काही महिने पुसपास, स्टेन्सिल आणि नुसतं बघणं. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. सुई एका माणसाला एकदाच, हे तिथे अंगवळणी पडेल. हिपॅटायटिस बीची लस मात्र आत्ताच घे. गुरू निवडताना ताज्या टॅटूंचे चकचकीत फोटो बघू नकोस, ते सगळ्यांचेच छान दिसतात. पाच वर्षांपूर्वीचं काम आज कसं दिसतं, ते दाखवायला सांग. टाळाटाळ झाली तर दुसरं दार.

"फक्त निसर्गातलंच" हे सध्या विसर. सुरुवातीची वर्षं नावं आणि तारखा गोंदण्यात जातील. जाऊ देत, सरळ अक्षर हा हाताचा रियाज आहे. कुणी आठ पायांचा भुंगा घेऊन आलं तर मात्र सुई लावण्याआधी एकदा सांग, भुंग्याला सहाच असतात.

आईला आणखी चित्रं दाखवू नकोस, ती तिने पाहिलीत. तिला सुयांची नाही, पगार बंद होण्याची भीती आहे. नोकरी कधीपर्यंत, शनिवार-रविवार कुठे, शिल्लक किती महिने पुरेल, हे कागदावर लिहून दे.

आणि गुरूने हो म्हटल्यावर पहिली रेघ ओढशील ती स्वतःच्या मांडीवर. एका हाताने कातडी ताणायची असते, दुसऱ्याने मशीन धरायचं असतं; स्वतःच्या हातावर ते जमत नाही.