अपडेट अर्धवट राहिलं, लॅपटॉप उठेना

प्रश्न: रात्री विंडोज ११ चं अपडेट चालू असताना चार्जर निघाला आणि बॅटरी संपली. आता चालू केलं की लोगो येतो, ठिपके गोल फिरतात, 'अनडुइंग चेंजेस' असं काहीतरी दिसतं आणि परत रीस्टार्ट, सकाळपासून हेच चाललंय. एकजण म्हणाले फॉरमॅट मारा. मुलीचे लहानपणापासूनचे फोटो आत आहेत आणि बॅकअप नाहीये. काय करू?

उत्तर: फॉरमॅटचं नाव सध्या काढूच नका (हा सल्ला देणाऱ्यांचे फोटो आत नसतात). बिघडलंय ते विंडोज, फोटो बहुतेक डिस्कवर जिथल्या तिथे असतील.

चार्जर लावा, पेनड्राइव्ह, प्रिंटर जे काही अडकवलंय ते काढा. आता पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा, बंद होईल, परत चालू करा आणि लोगो दिसला की पुन्हा तसंच. जिवावर येतं हे करायला, पण असं दोन-तीनदा झालं की विंडोजला कळतं की आपण उठत नाहीये आणि ते स्वतःच रिकव्हरीची निळी स्क्रीन दाखवतं. तिथे ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग अनइन्स्टॉल अपडेट्स. आत दोन पर्याय दिसतील, क्वालिटी म्हणजे दर महिन्याचं छोटं अपडेट आणि फीचर म्हणजे अख्खं नवं व्हर्जन. आधी क्वालिटी काढून बघा. नाहीच जमलं तर स्टार्टअप रिपेअर, नाहीतर सिस्टम रिस्टोर, ह्यातलं काहीच फोटोंना हात लावत नाही.

मध्येच बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) ४८ आकडी की, म्हणजे किल्ली, मागितली तर घाबरू नका, आपण कधी चालू केलं नसलं तरी बऱ्याच लॅपटॉपवर ते आधीपासून चालू असतं. फोनवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन करा, ती की बहुतेक तिथे सेव्ह असते. एकापेक्षा जास्त दिसल्या तर स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली ८ अक्षरं जुळवून बघा.

हे सगळं फसलं तरच 'रीसेट धिस पीसी' (म्हणजे विंडोज नव्याने टाकणं), पण त्याआधी फोटो बाहेर काढा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमध्ये उबंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टम) टाकून घ्या, लॅपटॉप त्यावरून चालू करा, 'ट्राय उबंटू' निवडा ('इन्स्टॉल' चुकूनही नको) आणि फोटो एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा, बिटलॉकर असेल तर इथेही ती की लागेलच. मग रीसेटमध्ये 'कीप माय फाइल्स' घ्या. सॉफ्टवेअर उडतील, ती परत टाकता येतात. त्याच्याच खाली 'रिमूव्ह एव्हरीथिंग' असतं, तिथे बोट घसरलं तर संपलं, म्हणून दोनदा वाचून क्लिक करा.

लॅपटॉप उठला की सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेट आठवडाभर पॉज करा, नाहीतर तेच अपडेट तासाभरात परत दारात हजर. तेवढ्यात फोटो कॉपी करून घ्या, मग चार्जर नीट बसलाय ना बघून अपडेट होऊ द्या.