वाचकांचे प्रश्न : सोयाबीनचे दूध, बदामाचे दूध आणि नारळाचा रस

प्रश्न : आमच्या शेतात सोयाबीन पिकते, म्हणून घरच्याच दाण्यांचे दूध करून पाहिले. दाणे रात्रभर भिजवून, वाटून, गाळून, उकळूनही दुधाला कच्चट, उग्र वास येतो आणि चहात घातले की ते फाटते. घरात दोघांना गाई-म्हशीचे दूध पचत नाही, त्यामुळे हा प्रयत्न सोडवत नाही. उपाय सुचवावा.
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : प्रयत्न सोडू नका, कारण घरी होणाऱ्या सर्व वनस्पतिजन्य दुधांमध्ये प्रथिनांच्या बाबतीत गाईच्या दुधाच्या जवळ जाणारे दूध सोयाबीनचेच आहे. मात्र दाणे घेताना ते खाण्याच्या साठ्यातलेच आहेत याची खात्री करा. पेरणीसाठी बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्यावर बुरशीनाशक असते आणि ते कितीही धुतले तरी खाण्यास योग्य होत नाही.

वासाचे कारण दाण्यातच आहे. सोयाबीनमध्ये लिपॉक्सिजिनेज नावाचे विकर असते. दाणा अखंड आहे तोवर ते काही करत नाही, पण थंड पाण्यात दाणा वाटला की ते विकर, दाण्यातील तेल आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र येतात आणि तो उग्र वास काही क्षणांतच तयार होतो. एकदा तयार झालेला वास नंतर उकळून पुरता जात नाही, म्हणून उष्णता वाटल्यानंतर नव्हे, तर वाटण्याआधी द्यायला हवी. 200 ग्रॅम दाणे 8 ते 10 तास भिजवा, हाताने चोळून निघतील तेवढी साले काढा आणि दाणे उकळत्या पाण्यात 5 मिनिटे ठेवून ते पाणी फेकून द्या. मग कढत पाणी घालतच वाटा. मिक्सरचे भांडे निम्म्याहून अधिक भरू नका आणि झाकण घट्ट दाबून बसवू नका, कारण कोंडलेल्या वाफेने ते उडून हात भाजू शकतो. एकूण पाणी दीड लिटरपर्यंत घालून मलमलच्या कापडातून पिळून घ्या. दाणे आधी उकळल्यामुळे काही प्रथिने चोथ्यातच राहतात, हे खरे आहे. परंतु वासामुळे कोणी पीतच नसेल तर त्या प्रथिनांचा उपयोग तरी काय? चोथा त्याच दिवशी थालिपिठाच्या भाजणीत मळून टाकावा.

गाळलेले दूध उकळताना एक फसगत होते. पाणी उकळण्याच्या बरेच आधी फेस उसळून वर येतो आणि दूध उतू गेले, म्हणजे ते उकळले, असे वाटते. तेथे थांबू नका. आच मंद करून, तळापासून ढवळत, खरी उकळी आल्यावर ते पुढे 15 ते 20 मिनिटे उकळू द्या. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात आणि ते पुरेशा उष्णतेनेच निष्प्रभ होतात. ज्यांना साधे दूधच पचत नाही त्यांच्यासाठी तर ही काळजी अधिक महत्त्वाची आहे.

आता चहा. सोयाबीनची प्रथिने आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की गोळा होतात. चहा किंचित आम्लधर्मी असतो, गुळातही अनेकदा आम्ल असते. शिवाय बोअरचे पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षारही दूध फाडतात. टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, करताना हेच क्षार मुद्दाम घालतात. म्हणून दूध करण्यासाठी आणि चहासाठी मऊ पाणी वापरा, चहा गाळून घ्या, तो मिनिटभर निवू द्या आणि मग वेगळे गरम केलेले दूध कपात आधी ओतून त्यावर चहा घाला. दोन्ही एकत्र उकळू नका. दूध फ्रिजमध्ये दोन ते तीन दिवस टिकते. त्यातील कॅल्शियम मात्र गाईच्या दुधाच्या पाव भागाहूनही कमी असते आणि ब-12 जीवनसत्त्व नसतेच, त्यामुळे आहारात नाचणी व तीळ नियमित असावेत आणि ब-12बाबत डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : माझी नात आठ महिन्यांची असून तिला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असल्याचे निदान झाले आहे. सुनेचे दूध कमी पडते, म्हणून घरी केलेले बदामाचे दूध बाटलीने द्यावे का?
– एक आजी, पुणे

उत्तर : कृपया देऊ नका. बदामाचे दूध गाळल्यावर प्रथिने आणि स्निग्धांश बव्हंशी चोथ्यात राहतात, आणि बाटलीत दिसते ते मुख्यतः पांढरे पाणी असते. पहिल्या वर्षात आईचे दूध किंवा डॉक्टरांनी सुचवलेले विशेष फॉर्म्युला दूध यांची जागा घरचे कोणतेही वनस्पतिजन्य दूध घेऊ शकत नाही. केवळ तांदळाच्या किंवा तत्सम पेयांवर वाढवलेल्या तान्ह्या बाळांमध्ये गंभीर कुपोषण झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. शेळीच्या किंवा म्हशीच्या दुधाकडेही वळू नका, कारण गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना बहुधा तीही सोसत नाहीत, आणि काहींना सोयाबीनचीही अ‍ॅलर्जी असते. आपली काळजी समजते, पण निर्णय बालरोगतज्ज्ञांनीच घ्यावा आणि तो लवकर घेतला जावा.

प्रश्न : नारळाच्या रसाची आमटी फुटते व तेल वर येते. काय करावे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रसातील तेलाचे बारीक थेंब प्रथिनांच्या आधाराने पाण्यात तरंगत असतात, आणि जोरात उकळले की तो आधार सुटतो. आमटी पातळ रसात शिजवून घ्या. पहिला दाट रस अगदी शेवटी, आच मंद करून घाला, ढवळत राहा आणि कडेला बुडबुडे दिसू लागताच उतरवा. कोकम किंवा चिंचही रसाच्या आधीच घालून शिजवलेली असावी. फ्रिजमध्ये ठेवलेल्या रसावर घट्ट थर आला तर तो नासलेला नसतो. खोबरेल साधारण 24 अंश सेल्सिअसखाली गोठते, एवढेच त्याचे कारण. भांडे कोमट पाण्यात ठेवून ढवळले की रस पूर्ववत होतो.