वक्र आडव्या अक्षाला नुसता टेकला, तर शून्य एक धरायचं की दोन?

तुमची मुलगी सीबीएसईला दहावीत आहे. आलेख देऊन ‘या बहुपदीला शून्ये किती’ असं विचारलं की ती उभ्या अक्षावरचा छेदही मोजते, आणि वक्र आडव्या अक्षाला नुसता टेकला असेल तर एक लिहू की दोन यावर अडते, असं तुम्ही लिहिलंय. मी ऐरोलीत घरी नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते. हे दोन्ही प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतात.

शून्य म्हणजे क्षची अशी किंमत, की ती घातल्यावर बहुपदीचं उत्तर ० येतं. आलेखात ते उत्तर म्हणजे बिंदूची उंची. उंची ० असते ती फक्त आडव्या अक्षावर. म्हणून तिला आडव्या अक्षावरून डावीकडून उजवीकडे बोट फिरवायला सांगा. वक्र जिथे बोटाला लागेल, तिथे खूण.

क्ष² − २क्ष − ३ घ्या. क्षला −२ पासून ४ पर्यंत किमती दिल्या की उत्तरं येतात ५, ०, −३, −४, −३, ०, ५. शून्ये दोन: −१ आणि ३. वक्र उभ्या अक्षाला −३ वर छेदतो, पण ती क्ष ० असतानाची किंमत झाली. क्ष शून्य असणं वेगळं आणि बहुपदी शून्य होणं वेगळं. मुलांचा घोळ नेमका इथे होतो. ‘उभा अक्ष सोडा’ एवढंच पाठ करून घेऊ नका, कारण मग क्ष³ − ४क्ष मध्ये −२ आणि २ लिहितात आणि आरंभबिंदूवरचं (दोन्ही अक्ष छेदतात तिथलं) ० गाळतात. तो बिंदू आडव्या अक्षावरही आहेच.

आता टेकण्याबद्दल. क्ष² − ४क्ष + ३ ची शून्ये १ आणि ३. हाच वक्र एक घर वर उचला, म्हणजे क्ष² − ४क्ष + ४. दोन्ही छेद सरकत सरकत २ वर एकत्र येतात. आणखी एक घर उचला, क्ष² − ४क्ष + ५: वक्र अक्षाच्या वर राहतो, वास्तव शून्य एकही नाही. टेकणारा बिंदू म्हणजे एकमेकांत मिसळलेली दोन शून्ये. अवयव पाडले तर (क्ष − २) दोनदा येतो, म्हणून ‘दोन समान शून्ये’ म्हणतात. पण आलेखावरून ‘किती’ विचारलं तर वेगवेगळी शून्ये मोजायची. उत्तर १.

हे तीन वक्र तिच्या हातून आलेख कागदावर काढून घ्या, एकाच कागदावर. जिओजेब्रा या आलेख काढायच्या अ‍ॅपमध्ये सरकपट्टी ओढूनही दिसतं, पण आधी हाताने.

मुलांना याच्याशी जोडून मी आपली ठाण्याची खाडी सांगते. इथल्या फ्लेमिंगो बघायला नेणाऱ्या बोटींच्या वेळा भरतीवर ठरतात, त्यामुळे भरती-ओहोटीचा तक्ता मुलांना परका नाही. मुंबईच्या तक्त्यात पौर्णिमेच्या सुमारास मोठी भरती साडेचार मीटरच्या आसपास जाते, आणि ओहोटीलाही आकडा सहसा शून्याखाली जात नाही, कारण उंची मोजायची पातळीच मुद्दाम खाली धरलेली असते. म्हणजे त्या आलेखाला बहुतेक दिवशी शून्यच नाही. पण अडीच मीटरवर, पाण्याच्या सरासरी पातळीजवळ, आडवी रेघ मारून तिथून उंची मोजली, तर तेच पाणी दिवसात साधारण चारदा ती रेघ ओलांडतं. पाणी तेच, वक्र तोच. अक्ष कुठे आहे यावर शून्यांची संख्या बदलली. हे ज्या मुलाला कळतं, ते टेकण्यावर पुन्हा अडत नाही.

एक पुढचं, परीक्षेत लागणार नाही तरी सांगा. छेद दोन घरांच्या मध्ये पडला तर आलेखावरून अंदाजच येतो. क्ष² − २ ला १.४१ वर उत्तर ऋण आणि १.४२ वर धन, म्हणून शून्य त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी. वक्र अखंड असेल तरच हे चालतं. १ भागिले क्ष घेतलं तर चिन्ह −१ आणि १ च्या मध्ये बदलतं, पण शून्य नाही, कारण वक्र ० पाशी तुटलेला आहे.