नायिका एशियाई, पुढे काय?

प्रश्न : माझी १६ वर्षांची भाची अमेरिकेत प्रकाशित होणाऱ्या ‘यंग अ‍ॅडल्ट’, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या, कादंबऱ्या झपाट्याने वाचते आणि पुस्तक निवडताना त्यात ‘एशियाई प्रतिनिधित्व’ आहे का, हे आधी पाहते. तिने दिलेल्या दोन कादंबऱ्या मी वाचल्या; दोन्ही शाळकरी प्रेमकथा. नायिकेचे नाव, घरातला स्वयंपाक आणि आजीची चार वाक्ये सोडली, तर त्यांत एशियाई असे काहीच नव्हते. याला प्रतिनिधित्व म्हणायचे का? आणि चांगली कादंबरी ओळखायची कशी?

उत्तर : आपली शंका रास्त आहे; मात्र दोष प्रतिनिधित्वाच्या कल्पनेचा नसून ती स्वस्तात उरकण्याचा आहे. या कादंबऱ्यांतला ‘एशियाई’ हा शब्द मुळात भूगोलाच्या पुस्तकातला नव्हेच. १९६८ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे यूजी इचिओका आणि एमा गी यांनी आपल्या विद्यार्थी संघटनेसाठी ‘एशियन अमेरिकन’ हे नाव घेतले, ते चिनी, जपानी, फिलिपिनो अशा वेगवेगळ्या घरांतून आलेल्या तरुणांना एकत्र आणावे आणि त्यांना सरसकट चिकटवले जाणारे ‘ओरिएंटल’ (पौर्वात्य) हे विशेषण झुगारून द्यावे म्हणून. घरात माणूस कोरियन असतो, तमिळ असतो, व्हिएतनामी असतो. तो ‘एशियाई’ होतो तो शाळेच्या दारात. त्या दाराशी काय घडते, हे ज्या कादंबरीला दिसत नाही, तिने स्वयंपाकघराची कितीही वर्णने केली तरी हाती फारसे काही लागत नाही.

जीन लुएन यांग यांच्या ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ या २००६ च्या चित्रकादंबरीतला एक प्रसंग पाहा. जिन वांग हा मुलगा नव्या शाळेत येतो. बाई त्याचे नाव चुकीचे उच्चारतात, तो सुधारून सांगतो. मग हा चीनहून आला आहे, असे त्या वर्गाला सांगतात आणि तो म्हणतो, सॅन फ्रान्सिस्कोहून. बाईंच्या मनात वाईट काही नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग जास्त लागतो. पण ही कादंबरी मोठी ठरते ती पुढे. तैवानहून नुकताच आलेला वेई-चेन जिनचा जिवलग मित्र होतो, आणि एका भांडणात जिन त्यालाच ‘नुकताच बोटीतून उतरलेला’ या अर्थाची शिवी देतो. वर्गाने त्याला ज्या नजरेने पाहिले, ती नजर आता त्याची स्वतःची झालेली असते. वयात येणे म्हणतात ते इथे घडते, कारण नायकाच्या हातून काहीतरी चुकले आहे आणि ते त्याला पुसता येत नाही. ज्या कादंबरीत एशियाई मुलगा केवळ सोसतो आणि बाकीचे सगळे चुकतात, ती मला तरी सद्हेतूने लिहिलेले पत्रक वाटते. (२००७ मध्ये ‘यंग अ‍ॅडल्ट’ साहित्यासाठीचा अमेरिकेतला प्रिंट्झ पुरस्कार मिळवणारी ही पहिली चित्रकादंबरी, चित्रांमुळे तिला बालवाचन समजू नये.)

दुसरी खूण भाषेची. आपण आजीच्या वाक्यांचा उल्लेख केला, तो नेमका आहे. आजी तिच्या भाषेत बोलते तेव्हा नात कोणत्या भाषेत उत्तर देते आणि उत्तर देता येत नसेल तर त्या अबोल्याचे लेखक काय करतो, हे पाहावे. परका शब्द तिरक्या अक्षरांत छापून लगेच त्याचा अर्थ सांगून मोकळे होणारा लेखक घराबाहेर उभा राहून लिहीत असतो. अ‍ॅन ना यांच्या ‘ए स्टेप फ्रॉम हेवन’ (२००१) मध्ये उलट घडते : कोरियाहून आलेली चिमुरडी यंग जू पहिल्यांदा इंग्रजी ऐकते तेव्हा वाचकालाही ते तिच्या कानांनीच, नुसते अर्थहीन आवाज म्हणून ऐकू येते. पुढे तीच भाषा तिच्या तोंडी रुळते आणि आईवडील मागे राहतात.

राहिला शाळकरी प्रेमकथेचा मुद्दा. प्रेमकथा असण्यात काहीही गैर नाही. एशियाई नायिकेने प्रत्येक वेळी दुःखच भोगावे, असा आग्रहही एक प्रकारे अन्यायाचाच. प्रश्न एवढाच की तिच्या प्रेमाला तिच्या घराचा इतिहास कुठे अडतो का. मलिंडा लो यांच्या ‘लास्ट नाइट अ‍ॅट द टेलिग्राफ क्लब’ (२०२१) मधली लिली १९५४ च्या सॅन फ्रान्सिस्कोतील चायनाटाउनमध्ये राहते आणि एका मुलीच्या प्रेमात पडते. त्या काळात कम्युनिस्ट असल्याचा नुसता संशयही चिनी कुटुंबांना देशाबाहेर घालवू शकत होता. लिलीच्या वडिलांवर ती टांगती तलवार आहे. त्यामुळे ती रात्री घराबाहेर पडते तेव्हा पकडले जाण्याचा अर्थ तिच्यासाठी आणि तिच्या गोऱ्या मैत्रिणीसाठी एक राहत नाही. हे वेगळेपण काढून टाकले, तर कादंबरी उभीच राहणार नाही. आपण वाचलेल्या दोन पुस्तकांना हीच कसोटी लावून पाहावी : नायिकेचे नाव बदलले तर कोणते प्रसंग कोसळतात?

भाचीला यांपैकी कोणते द्यावे, असे विचाराल तर आधी यांग यांचे. अ‍ॅन ना यांच्या कादंबरीत वडिलांचे दारूचे व्यसन आणि घरातली मारहाण फार जवळून येते. ती आपण स्वतः आधी वाचावी आणि मग तिच्या हाती द्यावी.